कराचे बिल आपले आपणच

वीजबिल महावितरण पाठवते, घरपट्टीचे बिल नगरपालिका पाठवते. प्राप्तिकराचे बिल मात्र कोणी पाठवत नाही. ज्याने भरायचे त्यानेच ते तयार करायचे, त्यानेच तपासायचे आणि सरकारने विचारण्याआधी पैसे जमा करून मोकळे व्हायचे, अशी भारतातली पद्धत आहे. सरकारकडून कागद येतो तो हे काम चुकल्यावर. त्याला बिल म्हणत नाहीत, मागणी म्हणतात, आणि तोवर त्यावर व्याज चढलेले असते.

मराठीपुरता या विषयातला अर्धा गोंधळ एका क्रियापदाने केला आहे. पाणी भरतात, फी भरतात, फॉर्म भरतात; तसाच करही भरतात आणि रिटर्नही भरतात. ‘यंदाचा इन्कम टॅक्स भरून झाला’ असे कोणी म्हटले तर त्याने पैसे जमा केले की विवरणपत्र सादर केले, हे त्या वाक्यावरून कळत नाही. कायद्याच्या लेखी ही दोन निराळी कामे आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे: पैसे आधी, विवरणपत्र नंतर. विवरणपत्र म्हणजे हिशेबाची वही आणि कर म्हणजे त्या हिशेबातून निघालेले देणे. वही वेळेवर दिली पण देणे राहिले, तर कायदा त्या माणसाला थकबाकीदारच मानतो.

कापलेला आणि लागलेला

‘आमचा तर पगारातूनच कापला जातो’ हे नोकरदारांच्या घरातले नेहमीचे उत्तर. पगारापुरते ते बहुधा बरोबरही असते. मालक वर्षभराच्या पगाराचा अंदाज घेतो, त्यावर येणारा कर काढतो आणि दरमहा कापून सरकारात जमा करतो. हीच उगमस्थानी करकपात, सगळ्यांच्या तोंडी असलेला टीडीएस. घोटाळा होतो तो पगाराच्या बाहेरच्या उत्पन्नात. बँक मुदत ठेवीच्या व्याजावर साधारणपणे १० टक्के कापते. ठेवीदार कोणत्या टप्प्यात बसतो हे बँकेला ठाऊक नसते आणि कायद्याने ते शोधण्याची तिच्यावर सक्तीही नाही. ज्याचे करपात्र उत्पन्न मुळीच नाही आणि ज्याचे ३० टक्क्यांच्या टप्प्यात जाते, त्या दोघांचेही १० टक्केच कापले जातात. पहिल्याला परतावा मिळतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर देणे राहते.

हे आकड्यांतून पाहिलेले बरे. नाशिकमधल्या एका नोकरदार बाईंचा २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा पगार १५ लाख रुपये आणि ठेवींचे व्याज ३ लाख रुपये आहे असे धरू. नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून पगाराचे करपात्र उत्पन्न १४,२५,००० रुपये. त्यावर टप्प्यांप्रमाणे ९३,७५० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ९७,५०० रुपये होतात. तेवढे मालकाने वर्षभरात कापले. बँकेने व्याजावर ३०,००० रुपये कापले. एकूण कपात १,२७,५०० रुपये. बाई निश्चिंत.

पण व्याज पगाराच्या डोक्यावर बसते. एकूण करपात्र उत्पन्न १७,२५,००० रुपये होते. व्याजातले पावणेदोन लाख १५ टक्क्यांच्या टप्प्यात आणि उरलेले सव्वा लाख २० टक्क्यांच्या टप्प्यात पडतात. एकूण कर १,४५,०००, उपकर ५,८००, बेरीज १,५०,८०० रुपये. कापले गेले त्यापेक्षा हे २३,३०० रुपयांनी जास्त आहे. हेच त्यांचे बिल, आणि ते त्यांच्या दाराशी कोणीही आणून देणार नाही.

हिशेबाला लागणारे कागद आता घरबसल्या मिळतात. मालकाचा फॉर्म १६, बँकेचा फॉर्म १६-ए, प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरचा फॉर्म २६-एएस आणि २०२१ पासून मिळू लागलेले वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस. शेवटचा कागद बारकाईने वाचण्यासारखा आहे. बचत खात्याचे व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडाची विक्री अशा, खातेदार स्वतः विसरून गेलेल्या, गोष्टी त्यात नोंदलेल्या असतात. अर्थात तो अंतिम शब्द नव्हे. एकच रक्कम दोनदा आलेली असू शकते आणि तशी चूक असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते.

१२ लाखांपर्यंत करच नाही, हे २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर घरोघरी पाठ झालेले वाक्यही इथे जपून वापरावे लागते. ती माफी सवलतीच्या रूपाने मिळते. शेअर किंवा फंड विकून झालेल्या ज्या भांडवली नफ्याला विशेष दर आहेत, त्यावरच्या कराला नव्या प्रणालीत ती सवलत लागू होत नाही. उत्पन्न ११ लाखच असूनही देणे निघाले, अशा तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असते.

गोव्यात हिशेबाला आणखी एक वळण आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि प्राप्तिकर कायदाही ते मान्य करतो. ही पद्धत लागू असलेल्या जोडप्याचे व्याज, भाडे, धंद्याचा नफा वगैरे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहतो. मडगावातल्या नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलेल्या ठेवीला ४ लाख रुपये व्याज आले, तर बायकोच्या विवरणपत्रात २ लाख जातात आणि कापलेल्या करातला वाटाही तिच्याकडे जातो. उंबरठ्यापलीकडे सिंधुदुर्गात हा नियम नाही.

चार तारखा

वर्ष संपल्यावर हिशेब करून पैसे भरायचे, एवढे पुरत नाही. कपात वजा जाता वर्षाचे देणे १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल, तर ते वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरावे लागते. हा अग्रिम कर, व्यवहारातला ॲडव्हान्स टॅक्स. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, कायद्यात आली आणि मग कायमची राहिली. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत सगळा. १५ मार्च हुकला तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अग्रिम करच धरली जाते. शेवटच्या हप्त्याच्या उशिराचे थोडे व्याज तेवढे लागते.

छोटे व्यावसायिक आणि डॉक्टर-वकिलांसारखे पेशेवर अंदाजित नफ्याची सोपी योजना घेत असतील, तर त्यांना चार हप्त्यांची कटकट नाही. त्यांनी १५ मार्चपर्यंत एकरकमी भरले की झाले. साठी ओलांडलेल्या निवासी नागरिकांना, धंदा किंवा पेशाचे उत्पन्न नसेल तर, अग्रिम करातून पूर्ण सुटका आहे. पेन्शन आणि ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्या आजी-आजोबांनी वर्ष संपल्यावर विवरणपत्राआधी कर भरला तरी त्यांना हप्ते चुकल्याचे व्याज लागत नाही. मात्र ही सुटका ‘निवासी’ या शब्दाला बांधलेली आहे. मुलाकडे अमेरिकेत राहायला गेलेले आणि कायद्याच्या लेखी अनिवासी झालेले पुण्याचे आजोबा वयाने ७० चे असले तरी, पुण्यातल्या भाड्यावर देणे निघत असेल तर, त्यांना चारही तारखा लागू होतात.

हप्ते चुकवले तर काय होते? नाशिकच्या बाईंनी एकही हप्ता भरला नाही आणि २० जुलै २०२६ रोजी जाग आली, असे समजू. व्याज दोन प्रकारचे लागते आणि दोन्हींचा दर महिन्याला १ टक्का आहे. एक हप्ते लांबवल्याबद्दल: पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर प्रत्येकी तीन महिने आणि शेवटच्या हप्त्यावर एक महिना. शंभराच्या आतली मोड सोडून हिशेब केला की १०२, ३१२, ५२२ आणि २३३ मिळून १,१६९ रुपये होतात. दुसरे व्याज वर्ष संपेपर्यंत ९० टक्केसुद्धा न भरल्याबद्दल, १ एप्रिलपासून भरण्याच्या महिन्यापर्यंत. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात, म्हणून एप्रिल ते जुलै असे चार महिने, ९३२ रुपये. देणे २३,३०० आणि व्याज २,१०१, एकूण २५,४०१. दहाच्या पटीत आणून २५,४०० रुपये.

ही रक्कम घर बुडवणारी नाही, पण टाळता येणारी नक्कीच होती. त्यासाठी हप्तेसुद्धा लागले नसते. व्याजाचे उत्पन्न आपल्या मालकाला लेखी कळवले की तो वाढीव कर पगारातूनच कापू शकतो, ही सोय कायद्यात आहे आणि फार थोडे नोकरदार ती वापरतात. पहिल्या दोन हप्त्यांच्या बाबतीत कायदा थोडा सैलही आहे: जूनमध्ये १२ आणि सप्टेंबरपर्यंत ३६ टक्के भरले असतील तरी त्या हप्त्यांचे व्याज लागत नाही. भांडवली नफा किंवा लाभांश आधी ओळखता येत नाही, हेही मान्य केलेले आहे. जानेवारीत शेअर विकून नफा झाला तर त्यावरचा कर मार्चच्या हप्त्यात भरला की जूनपासूनचे व्याज मागत नाहीत.

चलन

पैसे भरण्याचे काम चलनाने होते. पूर्वी बँकेत जाऊन चलन क्रमांक २८० चा कागद भरावा लागे आणि रोखपालाच्या शिक्क्याची पावती जपून ठेवावी लागे. आता प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ या ठिकाणी चलन तयार होते. त्यासाठी लॉग-इन करण्याचीही गरज नाही. पॅन, मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी पुरतो. मुलाने वडिलांचा कर स्वतःच्या खात्यातून भरला तरी चालते. पैसे कोणाच्या खात्यातून गेले यापेक्षा चलनावर पॅन कोणाचा आहे, याला महत्त्व आहे. म्हणून रक्कम टाकण्याआधी पॅनखाली दिसणारे अर्धवट झाकलेले नाव वाचून घ्यावे.

पुढे दोन प्रश्न येतात आणि बहुतेक चुका त्या दोन उत्तरांतच होतात. पहिला प्रश्न कराच्या प्रकाराचा. वर्ष चालू असताना भरायचा तो अग्रिम कर, प्रकार १००. वर्ष संपल्यावर, विवरणपत्राआधी भरायचा तो स्वयंनिर्धारण कर, म्हणजे सेल्फ असेसमेंट टॅक्स, प्रकार ३००. खात्याने मागणी काढल्यावर भरायचा तो नियमित आकारणीचा कर, प्रकार ४००. बाईंचे २५,४०० रुपये ३०० मध्ये जातात.

दुसरा प्रश्न वर्षाचा, आणि तो पहिल्याहून फसवा आहे. १९६१ च्या कायद्यात उत्पन्न ज्या वर्षी मिळाले ते आर्थिक वर्ष आणि त्याच्या पुढचे ते आकारणी वर्ष, असेसमेंट इयर. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे आकारणी वर्ष २०२६-२७. पिढ्यान्‌पिढ्या लोक इथे एक वर्ष मागे किंवा पुढे जाऊन चुकत आले. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ने ही जोडगोळी मोडून एकच ‘कर वर्ष’ आणले. चांगलेच केले. पण संक्रमणाच्या वर्षात मात्र गंमत झाली. आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणजे मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचे उत्पन्न, आणि कर वर्ष २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२६ ला सुरू झालेल्या वर्षाचे. आकडे तेच, वर्षे निराळी. जुलै २०२६ मध्ये मागचे देणे भरणारा आणि सप्टेंबर २०२६ मध्ये चालू वर्षाचा हप्ता भरणारा, दोघांनाही ‘२०२६-२७’ हेच लिहायचे आहे. आधीचा शब्द वाचला नाही तर पैसे भलत्या वर्षात जाऊन बसतात. अशी चूक पोर्टलवरच्या चलन-दुरुस्तीने सुधारता येते, परंतु वर्ष बदलण्याची मुदत थोडी असते. ती टळली की खात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

यानंतर रक्कम कर, अधिभार, उपकर, व्याज अशा रकान्यांत फोडून लिहायची. चलन तयार झाले की त्याला एक संदर्भ क्रमांक मिळतो, त्याला सीआरएन म्हणतात, आणि तो साधारण १५ दिवस चालतो. पैसे नेट बँकिंगने, डेबिट कार्डाने, यूपीआयने, आरटीजीएस-एनईएफटीने किंवा अधिकृत बँकेच्या काउंटरवर धनादेशाने भरता येतात. काउंटरवर रोख १०,००० रुपयांपर्यंतच घेतात. यूपीआयने कर भरण्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये एका लाखावरून ५ लाखांवर नेली, त्यामुळे मध्यमवर्गाचे बहुतेक देणे आता फोनवरूनच मिटते. क्रेडिट कार्डही चालते, पण त्यावर पेमेंट गेटवेचे शुल्क लागते, आणि बिल फिटवण्यासाठी कर्ज काढून वर दलाली देण्यात फारसे शहाणपण नाही.

पैसे गेल्यावर मिळणाऱ्या पावतीवर बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरण्याची तारीख आणि चलनाचा अनुक्रमांक असतो. ही त्रयी म्हणजे त्या पैशाचा पत्ता. विवरणपत्रात ती नोंदली जाते आणि खाते तिच्यावरूनच भरणा जुळवते. बँक खात्यातून पैसे गेले आणि पावती मात्र आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नये. पोर्टलवरच्या भरण्याच्या इतिहासात एक-दोन दिवसांत स्थिती दिसते.

विवरणपत्र यानंतर. ते सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपी किंवा तत्सम मार्गाने त्याची पडताळणीही करावी लागते. नोकरदारांसाठी नेहमीची मुदत ३१ जुलै. ती उलटली तर ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते (उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००), शिवाय न भरलेल्या करावर महिना १ टक्का आणखी एक व्याज. भरलेली रक्कम अपुरी पडली तर ती आधी शुल्कात, मग व्याजात आणि शेवटी उरली तर करात वळती होते, त्यामुळे मूळ देणे तसेच राहून वाढू शकते. काही वर्षांनी एखादे राहिलेले उत्पन्न लक्षात आले तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग चार वर्षांपर्यंत उघडा असतो, पण जितका उशीर तितके महाग: कर आणि व्याजाच्या वर २५ पासून ७० टक्क्यांपर्यंत जादा कर.

मागणी आली तर

विवरणपत्रांची छाननी बंगळूरच्या केंद्रात संगणकावर होते आणि तिचा निकाल ई-मेलने येतो. हिशेब जुळला, परतावा निघाला किंवा देणे निघाले, या तिन्हींपैकी एक उत्तर त्यात असते. देणे निघाले असेल तर तोच कागद मागणीची नोटीस ठरतो आणि भरायला ३० दिवस मिळतात. त्यानंतर महिना १ टक्का व्याज, पुढे दंड, आणि अगदी टोकाला बँक खात्यावर टाच.

तरी कागद आला म्हणून लगेच भरून टाकू नये. या निकालात करदात्याने दिलेले आकडे आणि खात्याने धरलेले आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. कोणत्या ओळीत फरक पडला ते आधी शोधावे. चलन भलत्या वर्षात गेले असेल, किंवा मालकाने कापलेला कर खात्याच्या नोंदीत आला नसेल. पगारातून कर खरोखर कापला गेला असेल आणि मालकाने तो सरकारात भरला नसेल, तर तेवढ्या रकमेची वसुली नोकराकडून करायला कायद्याने मनाई आहे. पगारपत्रके जपून ठेवायची ती याचसाठी. फरक मान्य असेल तर पोर्टलवर तसे कळवून त्याच मागणीच्या क्रमांकाने, प्रकार ४०० मध्ये, पैसे भरावेत. मान्य नसेल तर तेथेच असहमती नोंदवून दुरुस्तीचा अर्ज किंवा अपील करता येते. गप्प बसणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण जुनी मागणी पुढच्या एखाद्या वर्षाच्या परताव्यातून वळती होते. तशी पूर्वसूचना आल्यावर उत्तराला २१ दिवस असतात. अशा पडून राहिलेल्या किरकोळ मागण्यांचा ढीग इतका झाला होता की २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सरकारने २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या स्वतःहून मागे घेतल्या.

नोटीस खरी आहे का, हेही पाहावे लागते. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर एक दस्तऐवज क्रमांक, डीआयएन, असतो आणि तो पोर्टलवर टाकून पडताळता येतो. ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खाली टिचकी मारा’ असा संदेश आणि मागोमाग कार्डाचा पिन विचारणारी व्यक्ती, हे खात्याचे काम नव्हे.

देणे खरे आहे पण हाताशी पैसे नाहीत, अशी वेळ आली तर ३० दिवस संपण्याआधी आकारणी अधिकाऱ्याकडे मुदतवाढीचा किंवा हप्ते बांधून देण्याचा अर्ज करता येतो. तो मंजूर करणे अधिकाऱ्याच्या हातात असते आणि व्याजही चालूच राहते, पण मंजूर हप्ते वेळेवर भरणाऱ्याला तेवढ्यापुरते थकबाकीदार धरत नाहीत.

माणूस गेला म्हणून बिल फिटत नाही. त्याच्या शेवटच्या वर्षाचे, म्हणजे १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचे, विवरणपत्र कायदेशीर वारसाने पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करून भरायचे असते. चलनावर पॅन मृताचाच असतो. त्या दिवसानंतर ठेवींवर येणारे व्याज मग मृताच्या हिशेबात राहत नाही. वारसाकडून वसुली होऊ शकते ती त्याच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेच्या किमतीपुरतीच. स्वतःच्या खिशातून त्यापलीकडे देण्याचे बंधन त्याच्यावर नाही.